क्रूझच्या थांब्यावर जुना मित्र गाठायचा असेल तर

क्रूझचं वेळापत्रक हातात पडलं की आपण बंदरांची नावं वाचत जातो आणि मध्येच एका नावापाशी थबकतो. अरे, इथे तर तो राहतो! वीसेक वर्षांत भेट नाही. वाढदिवसाला एक मेसेज, दिवाळीला एक, एवढाच काय तो संबंध. आणि आता जहाज थेट त्याच्या गावी जाऊन थांबणार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. नऊ तास! गप्पा होतील, त्याचं घर बघून होईल, जमलं तर शहरही फिरता येईल.

या नऊ तासांवर विसंबून बेत आखला की भेट फसते. म्हणून मित्राला फोन करायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आधी तासांचा हिशेब

वेळापत्रकातले सकाळचे आठ म्हणजे जहाज धक्क्याला लागण्याची वेळ. त्यानंतर दोर बांधायचे, शिडी लावायची आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी कागदपत्रं बघून जहाजाला मोकळीक द्यायची. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग लिफ्टपाशी आणि शिडीपाशी गर्दी. मोठ्या जहाजावर तीन-चार हजार प्रवासी असतात आणि सगळ्यांना पहिल्या तासातच उतरायचं असतं. म्हणजे तुमचे पाय जमिनीला लागेपर्यंत नऊ वाजले म्हणा.

आता दुसरं टोक. संध्याकाळचे पाच ही जहाज सुटण्याची वेळ. प्रवाशांनी परत यायची वेळ, जिला जहाजावर 'ऑल अबोर्ड' म्हणतात, ती त्याआधी साधारण अर्धा तास असते, काही कंपन्यांत तासभर आधी. त्यात स्वतःसाठी आणखी एक तास राखून ठेवा. म्हणजे साडेतीनला बंदराच्या फाटकावर. नऊ तासांचे साडेसहा झाले, आणि अजून प्रवास धरलेलाच नाही.

खरी गोम या प्रवासात आहे. जाहिरातीत शहराचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण जहाज थांबतं भलतीकडेच. 'रोम' म्हणून विकलं जाणारं बंदर चिव्हितावेक्किया हे रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. 'फ्लॉरेन्स'साठी जहाज लिव्होर्नोला लागतं, तिथून फ्लॉरेन्स सुमारे ९० किलोमीटर. 'पॅरिस'चं ल आव्र जवळपास २०० किलोमीटर दूर, आणि 'बर्लिन'चं वार्नेम्युंड तर त्याहूनही लांब. 'बँकॉक' म्हणजे बहुतेक वेळा लेम चाबांग, सुमारे सव्वाशे किलोमीटर. उलट पिरेअसहून अथेन्सला मेट्रोने जाता येतं. म्हणून वेळापत्रकातलं नाव सोडून द्या आणि कंसातलं, बारीक अक्षरातलं बंदराचं नाव नकाशावर शोधा. रोमच्या बाबतीत बंदरातून स्टेशन, स्टेशनवरून गाडी, आणि तिथून भेटीची जागा असं सगळं धरलं तर जाऊन-येऊन तीन तास गेलेच. उरले साडेतीन.

कोणी कोणाकडे यायचं

माझं याबाबत ठाम मत आहे: मित्राने बंदराकडे यावं. 'पाहुण्याने यजमानाकडे जायचं' ही आपली सवय इथे बाजूला ठेवायची. उशीर झाला तर त्याची फार तर एक गाडी चुकेल, तुमचं मात्र जहाज सुटेल. शिवाय भाषा, रस्ते, गाड्यांच्या वेळा त्याला ठाऊक आहेत. तुम्ही अनोळखी स्टेशनवर फलाट शोधत जो तास घालवाल तो गप्पांना मिळेल.

संकोच वाटतो, मान्य आहे. 'मी तुझ्या देशात येतोय आणि वर तूच ऐंशी किलोमीटर ये म्हणू?' पण सरळ विचारा. वीस वर्षांनी भेटणारा मित्र सकाळची गाडी पकडायला नाही म्हणत नाही. त्याला रजा मिळत नसेल किंवा तब्येत साथ देत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही जा, पण मग त्या दिवशी दुसरं काही बघायचं नाही हे आधीच मनाशी पक्कं करा.

त्याचं घर? हा मोह सगळ्यांत मोठा. घरी जायचं म्हणजे त्याच्या घरात सकाळपासून स्वयंपाकाची गडबड, पोरांना नीट बसवणं, घर दाखवणं. तुमचा मित्र अर्धा वेळ आत आणि अर्धा वेळ फोनवर. घर बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तरच हो म्हणा. एक अपवाद मी करीन: त्याचे आईवडील तिथे असतील, आणि लहानपणी त्यांनी तुम्हाला घरच्यासारखं वागवलं असेल, तर बाकी सगळं सोडून त्यांच्या पाया पडून या.

जहाज खरंच धक्क्याला लागतं का, आणि कुठल्या

काही ठिकाणी जहाज किनाऱ्याला लागतच नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि लहान बोटींतून प्रवाशांना काठावर नेतात. या बोटींना 'टेंडर' म्हणतात. ग्रीसमधलं सँटोरिनी आणि कॅरिबियनमधलं ग्रँड केमन ही ठळक उदाहरणं. वेळापत्रकात नावापुढे बोटीची खूण किंवा तसा शब्द असतो, तो बघून घ्या. अशा थांब्यावर बोटींसाठी क्रमांक वाटतात, जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, आणि समुद्र खवळला तर उतरणंच रद्द होतं. उतरण्यासाठी आणखी एक तास आणि परतीच्या रांगेसाठी तेवढाच वेळ धरा. सँटोरिनीत तर बोटीतून उतरल्यावर कड्यावरच्या 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या, आणि दुपारी केबल कारला परतीची मोठी रांग. अशा जागी मित्राला नेमकी वेळ देऊच नका. 'दहा ते साडेअकराच्या दरम्यान' असं सांगा आणि त्याला सावलीत बसायला लावा.

दुसरा घोटाळा टर्मिनलचा. सिंगापूरला हार्बरफ्रंट आणि मरिना बे अशी दोन वेगळी टर्मिनलं आहेत. हाँगकाँगला काई ताक आणि ओशन टर्मिनल. सिडनीला सर्क्युलर की आणि व्हाइट बे. 'मी क्रूझ टर्मिनलवर उभा आहे' असं दोघंही सांगत असतात आणि दोघंही खरंच बोलत असतात! तुमचं जहाज कुठे लागणार हे बंदराच्या अधिकृत वेळापत्रकात सापडतं. भेटीच्या दोन दिवस आधी ते परत एकदा बघा, कारण जागा बदलते.

मित्राला जहाजावर बोलवायचं डोक्यात असेल तर ते काढून टाका. जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली १ जुलै २००४ पासून लागू आहे, तेव्हापासून धक्क्यापर्यंत कोणीही चालत येऊ शकत नाही. पाहुण्याला वर घ्यायची परवानगी काही कंपन्या देतात, पण त्यासाठी बरेच दिवस आधी त्याच्या पासपोर्टचा तपशील कळवावा लागतो, आणि उत्तर बहुधा नकाराचंच येतं. मित्र भेटेल तो फाटकाबाहेर.

उतरायला मिळणार आहे ना?

जहाज थांबतं म्हणून तुम्हाला उतरता येईलच असं नाही. काही देश क्रूझच्या प्रवाशांना दिवसभरासाठी व्हिसाशिवाय सोडतात, काही नाही, आणि ते तुमच्या पासपोर्टवर अवलंबून असतं. शेजारच्या केबिनमधल्या जोडप्याला लागला नाही म्हणून तुम्हालाही लागणार नाही हा तर्क चालत नाही. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची, एक खास खोच आहे. जहाज इटली-ग्रीसहून शेंगेनबाहेरच्या तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल तर शेंगेन क्षेत्रात तुमचे दोन प्रवेश झाले. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे अपुरा पडतो. आणि मित्र नेमका दुसऱ्या खेपेच्या बंदरात असला तर सगळंच मुसळ केरात.

काही जहाजांवर पासपोर्ट रिसेप्शनकडे जमा असतात. उतरताना जहाजाचं कार्ड, एखादं फोटो ओळखपत्र आणि पासपोर्टची प्रत जवळ हवी. मूळ पासपोर्ट न्यावा लागणार का, हे आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दिनक्रमाच्या कागदावर किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर लिहिलेलं असतं.

मित्राला काय कळवायचं

दोन-तीन महिने आधी सांगा, म्हणजे त्याला रजा टाकता येईल. मात्र परत न होणारं तिकीट काढू नकोस, हेही त्याच दमात सांगा. आठवडाभर आधी एकच नेटका मेसेज पाठवा. तुकड्या-तुकड्यांत बोललेलं नंतर कोणाला सापडत नाही. मी साधारण असं लिहितो:

'मंगळवारी तुझ्याकडच्या घड्याळाने सकाळी साडेनऊला, ठरलेल्या बागेत, कारंज्याजवळच्या बाकांवर. मला उशीर झाला तरी अकरापर्यंत जागा सोडू नकोस. माझा फोन लागणार नाही असंच धरून चाल. अकरापर्यंत आलो नाही तर जहाज थांबलं नाही असं समज आणि घरी जा. मी साडेतीनला फाटकावर असायलाच हवं, तेव्हा तीनला मला उठवायचं काम तुझं.'

सोबत जहाजाचं पूर्ण नाव द्या. एकाच कंपनीच्या जहाजांची नावं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की अर्ध्या नावावरून मित्र भलतंच जहाज शोधत बसेल. नाव बरोबर असेल तर तो घरबसल्या जहाज कुठे आहे ते बघू शकतो. प्रवासी जहाजांना स्वतःची जागा सतत कळवणारी 'एआयएस' यंत्रणा बसवणं सक्तीचं आहे, आणि मरीन ट्रॅफिक, व्हेसल फाइंडर यांसारखी संकेतस्थळं ती माहिती नकाशावर दाखवतात. मोबाइल आणि जीपीएसच्या आधी धक्क्यावर तासन्‌तास ताटकळणारी माणसं आठवा, म्हणजे या सोयीची किंमत कळेल.

घड्याळ आणि फोन

मेसेजमध्ये 'तुझ्याकडच्या घड्याळाने' असं मुद्दाम लिहिलं आहे. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ एकच असते असं नाही. मेक्सिकोतल्या कोझुमेलचं उदाहरण घ्या. तो भाग २०१५ पासून बारमाही एकाच वेळेवर चालतो, आणि फ्लॉरिडाचं घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे सरकतं. फ्लॉरिडाहून निघालेलं जहाज आपली वेळ बदलत नसेल तर किनाऱ्यावर चार वाजतात तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात. तुमचा फोन किनाऱ्याचं जाळं पकडून गुपचूप स्वतःची वेळ बदलतो आणि तुम्ही निवांत दुसरी कॉफी मागवता. उपाय साधा आहे: मनगटी घड्याळ, जहाजाच्या वेळेवर लावलेलं, दिवसभर हात न लावता. परतीचा हिशेब फक्त त्याच्यावर, भेटीची वेळ मित्राच्या घड्याळावर.

समुद्रावर असताना फोन विमान-मोडवर ठेवा. जहाजावरचं मोबाइल जाळं उपग्रहावरून चालतं, त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगहून कितीतरी जास्त असतात, आणि नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा लागू होत नाही. बंदरात उतरल्यावर किनाऱ्याचं जाळं दिसलं की मगच विमान-मोड काढा. नकाशा आदल्या दिवशी उतरवून ठेवा. एवढं करूनही फोन बंद पडला तर? म्हणून तर 'जागा सोडू नकोस'.

जागा कशी असावी

प्रसिद्ध ठिकाण नको. त्या दिवशी बंदरात आणखी तीन जहाजं असतील तर सगळे तिथेच धावणार. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकमध्ये गर्दी इतकी वाढली की एका वेळी किती जहाजं आणि किती प्रवासी यावेत यावर मर्यादा घालावी लागली. तिथे जहाजं ग्रुझ बंदराला लागतात आणि जुनं शहर तिथून साधारण तीन किलोमीटरवर आहे. सगळे पर्यटक जुन्या शहराच्या 'पिले' दरवाजाकडे जातात. मी भेट ग्रुझलाच ठेवली असती.

बंदराच्या फाटकापासून दहा-पंधरा मिनिटं चालत, बसायला जागा, डोक्यावर छप्पर, स्वच्छतागृह, आणि दोन तास बसलं तरी कोणी उठवणार नाही असं ठिकाण मित्रालाच निवडू द्या. पाऊस आला तर कुठे, हेही त्यालाच विचारा. टर्मिनलचं दार ही जागा मात्र टाळा. तिथे टॅक्सीवाल्यांचा गलका असतो आणि पोलीस कोणाला थांबू देत नाहीत. शिवाय वीस वर्षांत केस पिकलेला, पोट सुटलेला माणूस गर्दीत ओळखायचा म्हणजे परीक्षाच. आदल्या रात्री दोघांनी एकमेकांना ताजा फोटो पाठवा, त्या दिवशीच्या कपड्यांसकट.

बायकामुलांचं काय

दोन माणसं 'तो मास्तर आठवतो का' म्हणून खिदळतात आणि बाकीचे चार जण मोबाइल बघतात. हे टाळायचं तर घरच्यांना त्या दिवशी जहाजाच्या सहलीवर पाठवा. कंपनीने आखलेली सहल उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, म्हणजे त्यांची काळजी नाही. स्वतंत्र फिरणाऱ्या तुमच्यासाठी मात्र ते थांबत नाही. किंवा घरच्यांना शेवटच्या तासाला बोलवा. तोपर्यंत तुमचं खिदळून झालेलं असतं आणि ओळखपाळख निवांत होते.

भेट

फोटो आधी काढा. शेवटी काढू म्हटलं की शेवटी घाई असते, डोळे भरलेले असतात आणि उन्हाची तिरीप तोंडावर.

पहिला अर्धा तास थोडा अवघड जातो, त्याला घाबरू नका. नोकरी, मुलं, गुडघे, साखर अशी यादी वाचून होते आणि दोघांनाही वाटतं, एवढंच होतं का? इथे एखादी वस्तू कामाला येते. जुना छापील फोटो, त्याने तुम्हाला लिहिलेलं पत्र, त्याच्याच अक्षरातली वही. मी एकदा एका मित्राला त्याने तीस वर्षांपूर्वी पाठवलेलं पोस्टकार्ड दाखवलं. तो ते दोनदा वाचून म्हणाला, 'किती आगाऊ होतो रे मी.' त्यानंतर घड्याळाकडे कोणी बघितलं नाही.

कोण कुठे असतो, कोण गेला, कोणाचं काय झालं, या बातम्या फोनवरही कळतात. समोर बसून बोलायच्या गोष्टी निराळ्या. जुनं भांडण, अर्धवट राहिलेले पैशांचे व्यवहार असले तर ते उकरायला चार तास पुरत नाहीत. पण एखादी माफी मागायची राहिली असेल तर पहिल्या तासातच मागा, निघताना नको. मध्ये दोघंही गप्प बसलात तर बसू द्या.

भेटवस्तू लहान, सपाट, न फुटणारी. जहाजावर परत चढताना सामानाची तपासणी होते. दारूची बाटली बहुधा काढून घेऊन प्रवास संपताना परत देतात. मेणबत्त्या, सुरी-चाकू अडवतात. घरी शिजवलेलं बहुतेक कंपन्या वर येऊ देत नाहीत, बंद पाकीट चालतं. उलट दिशेनेही सांभाळा: जहाजावरची फळं पिशवीत टाकून उतरू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये यासाठी जागच्या जागी दंड होतो.

परतीचा प्रवास एकत्र करा

माझी सगळ्यांत आवडती युक्ती ही. निरोप भेटीच्या जागी न घेता बंदराच्या फाटकावर घ्या. मित्र सोबत आला की परतीची वीस मिनिटंही गप्पांचीच होतात, रस्ता चुकायची भीती राहत नाही, आणि वाहतूक अडली तर काय करायचं हे त्याला कळतं. दुसऱ्या शहरातून परतत असाल तर ठरवलेल्या गाडीच्या आधीच्या गाडीत बसा. संप, रूळ बंद, पाऊस अशी कारणं जहाजाच्या कप्तानाला सांगता येत नाहीत.

'राहा की आज! उद्या पुढच्या बंदरात सोडतो तुला' हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. हसून नाही म्हणा. मधल्या बंदरात उतरून पुढे चढायला कंपनीची आधी परवानगी लागते, आणि त्या देशात रात्र काढायला व्हिसा वेगळा लागू शकतो. अमेरिकेत तर परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजांनी दोन अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी नेण्यावर १८८६ च्या कायद्याने बंधनं घातली आहेत, त्यामुळे असली अदलाबदल थेट दंडापर्यंत जाऊ शकते.

तरीही जहाज चुकलंच तर दिनक्रमाच्या कागदावर छापलेला स्थानिक एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या प्रतिनिधीचा, नंबर खिशात हवा. तुम्ही वर चढला नाहीत हे कार्डाच्या नोंदीवरून जहाजाला कळतं, आणि केबिनमध्ये पासपोर्ट सापडला तर तो सहसा एजंटकडे सोपवला जातो. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. रोजची औषधं एका दिवसाची तरी पिशवीत ठेवा.

थांबाच रद्द झाला तर

वारा, लाटा, कोणी प्रवासी गंभीर आजारी, धक्क्यावर अडचण. कप्तान थांबा वगळू शकतो, करारात ते लिहिलेलं असतं, आणि प्रवाशाला फार तर बंदराचं शुल्क परत मिळतं. कित्येकदा घोषणा त्याच सकाळी होते. तेव्हा जहाजाच्या वाय-फायवरून मित्राला लगेच कळवा. पॅकेज घेतलेलं नसेल तर त्या दिवसापुरतं घ्या, तिथे काटकसर नको. अजून तिकीट काढलंच नसेल तर असा मार्ग बघा ज्यात मित्राच्या शहरात जहाज रात्रभर थांबतं, किंवा प्रवास तिथेच सुरू होतो वा संपतो. एक दिवस आधी पोचलात की हा वरचा अर्धा लेख लागतच नाही.

आणि सगळं जमून आलं, मित्र म्हणाला 'जहाज सुटेपर्यंत काठावर थांबतो', तर त्याला डेकचा क्रमांक आणि बाजू सांगा. किनाऱ्याकडची बाजू कुठली ते चढल्यावर बघून फोन करा. बाराव्या मजल्यावरून खालचा माणूस बोटाएवढा दिसतो, तेव्हा त्याला छत्री उघडी धरायला सांगा. तुम्ही फोनचा दिवा लावून हलवा.